‘सर परदेशात खेळून आलेत’: माजी व्यावसायिक खेळाडूच्या बास्केटबॉल अकादमीचं परीक्षण

भिंतीवर काचेत लावलेली जर्सी, शेजारी तीन देशांचे झेंडे आणि रिंगला लटकलेल्या खेळाडूचा एक फोटो. परदेशी लीगमध्ये काही वर्षं खेळून परतलेल्या खेळाडूने मुलांसाठी अकादमी काढली की तिची जाहिरात साधारण अशीच दिसते. फी शेजारच्या क्लासपेक्षा जास्त असते, तरी तुकडी आधी भरते, कारण पालक पैसे मोजतात ते त्या जर्सीकडे बघून. हे परीक्षण कुणा एका अकादमीचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. आठ ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी ती घ्यावी का, आणि घ्यायची तर नावनोंदणीच्या आधी काय बघावं, हा प्रश्न.

निकाल आधीच सांगून टाकतो. बारा वर्षांपुढच्या, खाली चेंडूकडे न बघता ड्रिबल करता येणाऱ्या मुलासाठी हा पर्याय फार चांगला ठरू शकतो. आठ-नऊ वर्षांच्या नवख्यासाठी तो बहुतेक वेळा महागही पडतो आणि नुकसानही करतो. जाहिरातीतला डंक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं, मुलाच्या काडीच्या उपयोगाचा नसतो. त्या खेळाडूने परदेशात खरोखर कमावलेलं जे असतं, ते फोटोत येत नाही, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःलाही ते शिकवण्यासारखं वाटत नाही.

ते काय असतं? युरोपातले करार बहुतेक एकेका हंगामाचे असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात जायचं, मे-जूनपर्यंत खेळायचं, पुढच्या वर्षी कुठे हे ठाऊक नाही. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून ती जागा मिळालेल्याकडून क्लबची अपेक्षा स्थानिक खेळाडूपेक्षा जास्त. सलग काही सामने हात चालला नाही, की क्लब बदली माणूस शोधायला लागतो. पोचल्यावर आधी वैद्यकीय तपासणी, मग नवा कोच, नवी भाषा आणि जुनीच चाल नव्या नावाने. पगार थकवणारे क्लबही भेटतात. असे तंटे सोडवायला फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) २००७ मध्ये लवाद उभा केला, त्याचं अधिकृत ठाणं जिनिव्हात आहे आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. असा लवाद लागतो यातच या धंद्याचं स्वरूप कळावं.

या सगळ्यात टिकलेला माणूस तीन गोष्टींत पक्का झालेला असतो. चेंडू आपल्या हातात नसताना कुठे उभं राहायचं, कधी रिंगकडे कापत धावायचं, कुणासाठी स्क्रीन (अंगाचा आडोसा) लावायची हे त्याला कळतं. अंग गरम करण्यापासून झोपेपर्यंत शरीराची निगा कशी राखायची ते कळतं. आणि आपल्या संघात स्टार असलेला आपण दुसऱ्याच्या संघात सातव्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून कसे उपयोगी पडायचं, हे त्याने पोट भरण्यासाठी शिकून घेतलेलं असतं. चौदा वर्षांच्या, शाळेच्या संघात सगळे शॉट स्वतः मारणाऱ्या मुलाला ही तिसरी गोष्ट दुसरं कुणी शिकवणार नाही. फी द्यायची ती याची.

इथे महिला खेळाडूंबद्दल एक सांगायला हवं. डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा हंगाम उन्हाळ्यात असल्यामुळे तिथल्या अनेक खेळाडू वर्षानुवर्षं हिवाळा युरोपात किंवा आशियात खेळून काढत आल्या आहेत. म्हणजे एका वर्षात दोन संघ, दोन कोच, दोन पद्धती. अकादमी अशा खेळाडूची असेल तर तिने पाहिलेल्या प्रशिक्षणपद्धती तेवढीच वर्षं खेळलेल्या पुरुष खेळाडूपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. जाहिरातीत मात्र तिचा डंक नसतो, म्हणून तुकडी सावकाश भरते. पालकांनी याचा फायदा घ्यावा.

आता ‘परदेशात खेळले’ या दोन शब्दांची तपासणी. त्यांत चार वेगवेगळ्या गोष्टी मावतात: पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या अर्धवेळ क्लबकडून खेळणं, हंगामाआधीच्या सराव-चाचणीला जाऊन परत येणं, आणि दौऱ्यावरचे प्रदर्शनी सामने. चारही प्रकारचे लोक चांगले कोच होऊ शकतात, पण जाहिरात चौघांचीही सारखीच असते आणि फीसुद्धा. अधिकृत स्पर्धेसाठी एका देशातून दुसऱ्या देशात जायचं तर आधीच्या देशाच्या महासंघाकडून ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं, आणि बहुतेक लीग सामन्यागणिक आकडे जाहीर करतात. त्यामुळे खऱ्या हंगामाचा माग संगणकावर दहा मिनिटांत लागतो. गुण बघू नका. किती मिनिटं खेळवलं आणि त्याच क्लबने दुसऱ्या वर्षी पुन्हा करार केला का, हे बघा. परदेशी खेळाडूला तोच क्लब परत बोलावतो तेव्हा तो सरावाला वेळेवर येणारा, ऐकून घेणारा, सोबत्यांशी जमवून घेणारा असतो असं खुशाल समजावं. मुलांच्या कोचमध्ये नेमकं हेच हवं.

याच्या उलटही खरं आहे. मसाई उजिरी युरोपात खेळले, खेळाडू म्हणून त्यांचं फारसं नाव झालं नाही. २००३ मध्ये त्यांनी सुरू केलेली ‘जायंट्स ऑफ आफ्रिका’ची शिबिरं मात्र वर्षानुवर्षं चालू राहिली, आणि पुढे २०१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सने एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हा त्या संघाचा कारभार त्यांच्याच हातात होता. तेव्हा खेळण्याच्या कारकिर्दीची उंची आणि शिकवण्याची उंची एकाच फूटपट्टीने मोजू नये.

कारकिर्दीनंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: खेळणं थांबवल्यावर आणि स्वतःची अकादमी काढण्याच्या मधल्या काळात काय केलं? एखाद्या जुन्याजाणत्या बाल-प्रशिक्षकाच्या हाताखाली किमान एक हंगाम मदतनीस म्हणून काढला असेल, तर बाकी बरंच माफ. देशाच्या महासंघाचा कोचिंगचा अभ्यासक्रम केला असेल, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू असेल, तर आणखी उत्तम. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत अकादमी उघडली असेल, तर पहिल्या दोन तुकड्या हा त्यांचा स्वतःचा सराव असतो. फी तुम्ही भरता, एवढंच.

आता प्रत्यक्ष मैदानावर. चाचणी-सत्र मागून घ्या, आणि जाताना वही व घड्याळ न्या. समजा हॉलमध्ये २४ मुलं आहेत आणि दोन रिंग. बारा-बारांच्या दोन रांगा करून लेअप (पळत जाऊन रिंगजवळून सोडायचा शॉट) सुरू होतात. दर पाच सेकंदांनी एक मूल निघतं, म्हणजे प्रत्येकाची पाळी मिनिटाला एकदा. दहा मिनिटांत दहा लेअप. एका लेअपला चार सेकंद धरले तर सहाशे सेकंदांपैकी चाळीस सेकंद मूल खेळलं, बाकी वेळ पुढच्याच्या बुटाची लेस बघत उभं होतं. परदेशात खेळलेल्या कोचकडे ही रांग जास्त दिसते, आणि त्याचं कारण साधं आहे. त्याच्या क्लबात सरावाला बारा खेळाडू, चार-सहा रिंग आणि तीन मदतनीस असायचे. तिथे रांगच लागत नसे. तोच ड्रिल तो दुप्पट पोरांना अर्ध्या जागेत लावतो.

चांगला कोच त्याच दोन रिंगांवर तीनास तीन असे दोन अर्धमैदानी सामने लावतो. म्हणजे बारा मुलं खेळतात आणि उरलेली बारा कडेला, प्रत्येकाच्या हातात चेंडू देऊन, जोडीने पासिंग किंवा कमजोर हाताचं ड्रिबल करतात. चार मिनिटांनी अदलाबदल. पाचास पाचमध्ये लाजरं मूल कोपऱ्यात लपून सगळा सामना काढू शकतं. तीनास तीनमध्ये लपायला जागा नाही, चेंडू फिरून त्याच्याकडे येतोच. तुमच्या मुलाच्या हातात एका तासात किती वेळा चेंडू आला आणि त्याने किती शॉट मारले, हे दोन आकडे वहीत लिहा. दोन अकादम्यांची तुलना करायला याहून चांगली मोजणी नाही.

शेवटची पंधरा मिनिटं सर स्वतः उतरतात का तेही बघा. पोरं खूश, पालकांचे मोबाईल वर, सरांचा स्टेपबॅक (मागे सरकून मारलेला शॉट) तसाच झकास. त्या पंधरा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला दोन पास येतात. महिन्यातून एकदा ठीक आहे. दर वर्गाला होत असेल तर निवृत्ती मनाने झालेली नाही असं समजावं.

साहित्याकडे वळू, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. पूर्ण आकाराच्या रिंगची उंची ३.०५ मीटर. सात नंबरचा चेंडू ७५ ते ७७ सेंटिमीटर घेराचा, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. मुलीं-महिलांसाठीचा सहा नंबर साधारण ७२ सेंटिमीटर आणि सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. पाच नंबर सुमारे ७० सेंटिमीटर, पाचशे ग्रॅमच्या आत. बारा वर्षांपर्यंतच्या मिनी-बास्केटबॉलला पाच नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरवरची रिंग असते. अमेरिकेत एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सात-आठ वर्षांसाठी ८ फूट, नऊ ते अकरासाठी ९ फूट आणि त्यानंतर १० फूट अशा पायऱ्या आहेत. दोन्ही पद्धतींचा मथितार्थ एकच: वय लहान तर रिंग खाली.

नऊ वर्षांच्या मुलाला सात नंबरचा चेंडू आणि ३.०५ ची रिंग दिली तर काय होतं ते जवळून बघा. चेंडू वर पोचवायला हाताची ताकद कमी पडते, म्हणून तो चेंडू कमरेपाशी नेतो. तिथून दोन्ही हातांनी ढकलताना उजवं कोपर बाहेर जातं, पाठ मागे वाकते, आणि सुटताना डाव्या हाताचा अंगठा चेंडूला धक्का देतो. चेंडूवर आडवी फिरकी येते. चेंडू जातोसुद्धा कधीकधी, आणि टाळ्या पडतात. दोन वर्षांनी ताकद येते, तोवर कोपर बाहेरच बसलेलं असतं आणि अंगठा सुटत नाही. मग तेराव्या वर्षी तीच अकादमी ‘शूटिंग फॉर्म सुधारणा’ नावाचा वेगळा कोर्स विकते.

बरोबर क्रम असा: पाच नंबरचा चेंडू, रिंग खाली, मूल रिंगपासून एक-दीड मीटरवर. आधी एकाच हाताने, दुसरा हात पाठीमागे. कोपर रिंगच्या दिशेला, चेंडू बोटांच्या पेरांवर, तळव्यात थोडी फट. सुटल्यावर हात वरच राहू द्यायचा, मनगट सैल. या अंतरावरून दहातले सात जायला लागले की एक पाऊल मागे. आकार बिघडला की एक पाऊल पुढे. कोच एका वेळी एकच गोष्ट सुधारतो का, हे ऐका. ‘कोपर आत, गुडघे वाक, वर बघ, फॉलो-थ्रू, आणि पाय बघ तुझे’ असं एका श्वासात आलं तर पोरगं यातलं काहीच करणार नाही, मान डोलावेल.

उंची बदलणारी रिंग असेल तर ती कशी बदलते ते विचारा. हँडल फिरवून एका मिनिटात खाली येणारी असेल तर वापरली जाते. पाना, शिडी आणि दोन माणसं लागणारी असेल तर ती कायम वरच असते, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. चाकावरच्या स्टँडच्या पायाशी पुरेसं वजन आणि खांबाला गादी आहे ना, तेही बघून घ्या.

नियमांची बाजू हा या कोचचा हुकमी पत्ता. टीव्हीवर मुलं एनबीए बघतात आणि खेळतात फिबाच्या नियमांनी. ४० मिनिटांचा सामना, पाचव्या फाउलला बाहेर, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, बचाव करणाऱ्याला रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांची मर्यादा नाही. एनबीएत ४८ मिनिटं, सहा फाउल, रेषा वरच्या बाजूला ७.२४ मीटरवर, आणि बचावालाही तीन सेकंद लागू. फिबात शॉटचा चेंडू रिंगला लागला की दोन्ही संघांना त्याला हात लावता येतो. उंच मुलांना हे माहीतच नसतं आणि फुकटचे दोन गुण हातातून जातात. दोन्हीकडे खेळलेला माणूस हे सगळं न बघता सांगतो.

पण खरी परीक्षा ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्याच्या चुकीची. २०१७ पासून फिबाने चालत्या पावलातल्या पकडीनंतर ‘शून्य पाऊल’ धरलं: चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही, त्यानंतरची दोन पावलं मोजायची. हे सगळ्या मुलांना आवडतं. घोळ होतो तो उभ्याने ड्रिबल सुरू करताना. डावा पाय पिव्होट (जमिनीवर रोवलेला) असेल तर तो उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. अमेरिकेत घडलेले खेळाडू युरोपात पहिल्या महिन्यात या शिट्टीने हैराण होतात, हे या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. ज्याने ती शिट्टी स्वतः खाल्ली आहे, तो मुलांना चेंडू आधी पुढे टाकायला आणि मग मागचा पाय सोडायला शिकवतो: उजवं पाऊल आणि चेंडू एकत्र पुढे, डावा पाय चिकटलेला, चेंडू जमिनीला लागेपर्यंत. चाचणी-सत्रात कोच हे पाच मिनिटं तरी घोटून घेतो का, बघा. घेत असेल तर त्याची परदेशवारी मुलांपर्यंत पोचली असं म्हणता येईल.

शिकवण्याची अडचण वेगळीच असते. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला क्लोजआउट (चेंडू मिळालेल्याकडे धावत जाऊन त्याला अडवणं) कसं करायचं हे सांगता येत नाही, कारण ते त्याच्या पायांत असतं. तो करून दाखवतो, पूर्ण वेगाने, आणि म्हणतो ‘असं’. मुलांना दिसतो तो फक्त वेग. चांगल्या कोचने त्याचे तुकडे केलेले असतात: दोन तृतीयांश अंतर धावत, उरलेलं छोट्या पावलांनी, कंबर खाली, एक हात चेंडूसमोर, छाती मागे जाऊ द्यायची नाही. दुसरी अडचण भाषेची. ‘हेज’, ‘ड्रॉप’, ‘आइस’ हे पिक-अँड-रोल बचावाचे शब्द अकरा वर्षांच्यांसमोर फेकले जातात, आणि पिक-अँड-रोल म्हणजे काय (सोबत्यासाठी आडोसा लावून मग स्वतः रिंगकडे वळणं) हे अर्ध्यांना कळलेलं नसतं. ज्या वयात एकास एक बचाव धड जमत नाही तिथे झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावून शालेय सामने जिंकणारी अकादमी असेल, तर तिचे करंडक मोजू नका. लहान मुलांना सात मीटरवरून शॉट मारता येत नाही, म्हणून झोन जिंकतो. सोळाव्या वर्षी समोरचे मारायला लागतात, आणि या मुलांना माणूस अडवता येत नाही.

शरीराच्या बाबतीत अशा अकादम्या दोन टोकांच्या असतात. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं चांगल्या ठिकाणी धावण्याच्या फेऱ्यांत जात नाहीत. उडी मारून दोन्ही पायांवर मऊ उतरणं, गुडघे आत न पडणं, एका पायावर तोल, आडव्या दिशेला थांबणं, असं सगळं त्यात असतं. मुलींसाठी तर हे सोडताच येत नाही, कारण गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाची दुखापत त्यांच्यात मुलांपेक्षा जास्त आढळते. व्यावसायिक क्लबात फिजिओच्या हाताखाली राहिलेला माणूस हे शिस्तीने करून घेतो.

दुसरं टोक म्हणजे ‘मी घोट्याला पट्टी बांधून खेळलोय’. मोठ्या माणसाच्या पगाराचा प्रश्न होता, तो खेळला. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाडाचं टेंगूळ दुखतं त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, टाचेच्या दुखण्याला सीव्हर. दोन्ही उंची झपाट्याने वाढताना उद्भवतात, उड्यांचा भार वाढला की चिघळतात आणि भार कमी केला की बहुधा शांत होतात. तेव्हा कोचला सरळ विचारा: गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता? ‘उड्या बंद, बसून ड्रिबल आणि फॉर्म शूटिंग, लंगडत असेल तर डॉक्टर’ असं उत्तर आलं तर नाव घाला. डोक्याला मार लागून भोवंड आलेल्या मुलाला त्या दिवशी परत उतरवणाऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशीही जाऊ नये. वरच्याच २०१६ च्या सूचनांत चौदा वर्षांच्या आत एकाच खेळाला जुंपू नये असंही म्हटलं आहे. बाराही महिने, बाकी खेळ बंद, अशी अट घालणारी अकादमी स्वतःच्या हजेरीपटाची काळजी करते आहे.

‘आमच्याकडून मुलं परदेशी जातात’ या वाक्यावर थोडं थांबायला हवं, कारण सर्वात महागडी पॅकेजेस याच वाक्यावर विकली जातात. फिबाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांच्या आत आंतरराष्ट्रीय बदली होत नाही, अपवाद मोजके आणि तपासून दिले जातात. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपियन क्लबची ट्रायल’ म्हणून पैसे घेऊन नेलं जातं तेव्हा ती बहुतांशी सहल असते. सहल म्हणून आवडली तर जरूर जा. एजंटला फिबाचा परवाना लागतो, तेव्हा ‘आमचा माणूस आहे तिकडे’ या माणसाचा परवाना मागायला लाजू नका. अमेरिकन विद्यापीठाचा रस्ता खरा आहे, पण तो वर्गातून जातो: एनसीएए या तिथल्या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागासाठी माध्यमिक शाळेतले १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम पूर्ण लागतात. ज्या अकादमीत नववीतल्या मुलाच्या पालकांना हे सांगितलं जातं, तिथल्या सरांना तो रस्ता खरोखर माहीत आहे. सराव वाढवण्यासाठी शाळा बुडवायला सांगणाऱ्याला माहीत नाही.

सुट्टीतलं शिबिर आणि वर्षभराचा वर्ग यांत गल्लत होते, म्हणून दोन शब्द. २००१ मध्ये एनबीएत खेळणारे व्लादे दिवाच आणि टोनी कुकोच यांच्या पुढाकाराने इटलीतल्या त्रेविझोत माजी युगोस्लाव्हियाच्या वेगवेगळ्या भागांतली मुलं एकत्र आणून शिबिर झालं. एनबीए आणि फिबाच्या ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ या पुढच्या शिबिरमालिकेची ती सुरुवात. चार-पाच दिवसांत अशा शिबिराने मुलाच्या मनात जे पेटतं ते महिन्यांच्या वर्गाने पेटत नाही, आणि मोठं नाव तिथे पुरेपूर वसूल होतं. शॉटचा आकार मात्र चार दिवसांत बदलत नाही. शिबिराला नाव बघून जा, वर्गाला वेळापत्रक बघून.

वेळापत्रक म्हणजे: सर आठवड्यातून किती दिवस स्वतः मैदानावर असतात? अजून खेळत असतील तर हंगामात ते परदेशातच असणार, आणि वर्षातले दोन-तीन महिने सोडून तुमचं मूल मदतनिसाकडे शिकणार. मदतनीस चांगला असेल तर यात गैर काही नाही, पण मग चाचणी-सत्र त्याचं बघा आणि फी त्याच्या हिशेबाने ठरवा. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस हे प्रमाण असावं. सोळाच्या वर गेलं की दुसऱ्या रिंगवर काय चाललंय ते कुणीच बघत नाही. वैयक्तिक सत्रांचा आग्रह पहिल्याच महिन्यात सुरू झाला तर सरळ नाही म्हणा. गटात मुलाला दोन महिने पाहिल्याशिवाय त्याला एकट्याला काय शिकवायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

फी भरण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: मूल जखमी झालं तर उरलेल्या वर्गांचं काय, सरांना अचानक करार मिळाला आणि ते गेले तर काय, आणि हॉल मिळाला नाही म्हणून रद्द झालेला वर्ग कधी भरून देणार. यातला मधला प्रश्न विचारला की बरेच सर हसतात. छत्तिशीच्या आतला, गुडघे शाबूत असलेला माणूस असेल तर हसण्यावर नेऊ नका. हंगामाच्या मधे कुणीतरी जखमी होतं, क्लबला पंधरा दिवसांत उंच माणूस हवा असतो, आणि फोन त्यालाच येतो.